जुन्या साखळीवरचं नाव

माझं काम लोकांच्या मागे लागण्याचं आहे. "अपग्रेड केलं का?" हा एकच प्रश्न मी गेली काही वर्षं वाशीमच्या एका भाड्याच्या खोलीत बसून जगभरातल्या माणसांना विचारते आहे. कुणी उत्तर देतं, कुणी देत नाही, कुणी चिडतं. एकाने तर मला, बाई तुम्ही विमा विकता का, असं विचारलं होतं. नातेवाइकांना मी 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगते. ब्लॉकचेन हा शब्द तोंडातून निघाला की समोरचा एकतर पैसे दुप्पट कसे करायचे ते विचारतो, नाहीतर मला सावध राहायला सांगतो.

तरी इथे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. इंटरनेटवर प्रत्येक जागेला एक नाव लागतं. एरवी ते नाव कुठल्यातरी कंपनीच्या वहीत लिहिलेलं असतं आणि कंपनीच्या मनात आलं तर ती ते काढून घेऊ शकते. आमच्या व्यवस्थेत कंपनी नाही. एक वही आहे, आणि तिची नक्कल जगभरातल्या काही शे मशीनवर आहे. साधारण दर दहा मिनिटांनी वहीला एक नवं पान जोडलं जातं, पानांना ओळीने नंबर असतात, आणि सगळ्या नकला एकमेकींशी ताडून पाहतात. एकदा पानावर नाव लागलं की ते कुणालाही खरवडता येत नाही. ठरावीक मुदतीत मालकाने नूतनीकरण करायचं, नाहीतर नाव मोकळं होतं, एवढीच अट. पानाला पान जोडलेलं म्हणून तिला साखळी म्हणतात.

आता वहीचे नियमही कधीकधी बदलावे लागतात, कारण ते माणसांनीच केलेले असतात आणि माणसं चुकतात. मग असं ठरतं की अमुक नंबरच्या पानापासून नवे नियम. त्या पानाच्या आधी सगळ्यांनी नवं सॉफ्टवेअर घालायचं. जो घालत नाही त्याला कुणी अडवत नाही, हीच यातली मेख आहे. त्याचं मशीन जुन्या नियमाने लिहीत राहतं, त्याच्यासारखी मागे राहिलेली दोनचार मशीन त्याला साथ देतात, पानांचे नंबर वाढतात, हिरव्या खुणा उमटतात. फक्त ती वही जगाने वाचायची सोडलेली असते. हे त्याला कुणी सांगितलं नाही तर कळायचं काही कारण नाही. सांगायचं काम माझं.

माझे वडील पोस्टमन होते. किन्हीराजा आणि आसपासची खेडी असा त्यांचा भाग, आधी पायी आणि मग सायकलवर. आमच्या घरातली माणसं शिकली आणि पगारावर लागली, त्यातली ही पहिली नोकरी. बाबांना तिचा असा अभिमान होता की निवृत्तीनंतरही ते दहाच्या ठोक्याला शर्टाची वरची गुंडी लावून खुर्चीत बसत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आमच्या वस्तीचं जुनं नाव जातीवरून पडलेलं होतं. ते मी लिहिणार नाही. दीक्षा घेतल्यावर आजोबांच्या पिढीने वस्तीला नवं नाव दिलं, विहाराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं, पोरांना पाठ करायला लावलं. पण पत्रं जुन्याच नावाने येत राहिली. बाबांच्या हातात टपालाची थैली आली तेव्हाही ती तशीच येत होती. ते गठ्ठा सोडायचे, आमच्या वस्तीची पत्रं वेगळी काढायचे, प्रत्येकावरचं जुनं नाव निळ्या पेनाने खोडून वर नवं लिहायचे आणि मगच वाटायला निघायचे. दुसऱ्याच्या पत्रावर असं काही लिहिणं नियमात बसत नव्हतं. एका साहेबाने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला. बाबांनी 'सेवेशी सविनय सादर' पासून सुरुवात करून दोन पानी खुलासा दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन काढलं.

सरकारी कागदावर नाव बदलायला पुढे कितीतरी वर्षं लागली. ग्रामपंचायत, मालेगावचं तहसील, वाशीमचं कलेक्टर ऑफिस. बाबा सुटीच्या दिवशी अर्ज घेऊन जायचे, बाकड्यावर बसायचे, साहेब जेवायला गेले की थांबायचे, परत आले की उभे राहायचे. एक कारकून त्यांना पाहिलं की फायलीत तोंड घालायचा. शेवटी त्याच कारकुनाने कंटाळून, की लाजून, तो कागद पुढे सरकवला. लहानपणी मला या चकरांची चीड यायची. आज मला त्या बाकड्याचा हेवा वाटतो.

तर मी या कामाला लागले तेव्हा पहिलं नाव घेतलं ते आमच्या वस्तीचं. घरातला जुना कॉम्प्युटर दुरुस्त केला, त्यावर वहीची नक्कल चालू केली आणि नावाची चावी, म्हणजे मालकाची सही करायला लागणारी आकड्या-अक्षरांची ओळ, बाबांच्या हातात दिली. त्या नावाखाली वस्तीचं संकेतस्थळ बनवलं. कोण पुण्याला गेलं, कोण सुरतेला, कुणाच्या घरी पाळणा हलला, कोण वारलं, विहाराच्या वाचनालयात कोणती पुस्तकं आली, सगळं बाबा एका बोटाने टाइप करून त्यावर चढवायचे. गाव सोडून गेलेली माणसं ते उघडून बघायची. एक प्रकारे बाबांची बीट, पोस्टमनची रोजची फेरी, पुन्हा सुरू झाली होती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "याले कोनी खोडू शकत नाई?"

"कोणीच नाही बाबा. तहसीलदार नाही, कलेक्टर नाही. मी पण नाही."

"अन् आपनच चुकीचं लिहिलं त?"

"ते पण खोडता येत नाही."

बाबा हसले. "लय कडक पोस्टमास्तर हाय मंग."

मी पण हसले. मला तेव्हा त्या कडकपणाचाच गर्व होता. ऑफिसातल्या कुठल्याही माणसाच्या मर्जीवर आपलं नाव नाही, ही माझ्या दृष्टीने आमच्या घराण्याची कमाई होती. बाबांना जे मिळवायला जोडे झिजवावे लागले ते मी एका दुपारी मिळवून दिलं, असं मी चारचौघांत सांगायचे. आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

बाबांनी या कॉम्प्युटरसाठी एक लांब वही घातली. पोस्टात सकाळी शिक्क्यातली तारीख बदलली की कोऱ्या पानावर एक ठसा उमटवून ठेवतात, पुढे वाद झाला तर दाखवायला. त्याच सवयीने बाबा रोज दहा वाजता पडद्यावरचा पानाचा नंबर वहीत लिहायचे. तारीख, नंबर, आणि शेरा. शेऱ्यात बहुधा 'ठीक' असायचं. लाइट गेली असेल तर 'वीज नाही'. मी त्यांची चेष्टा करायचे, की ही सगळी वही जगभर काही शे मशीनवर लिहून ठेवलेली असताना तुम्ही पुन्हा हाताने कशाला लिहिता. ते म्हणायचे, "लिहू दे. मले तेवढंच समजते."

खरी भानगड नूतनीकरणाची नव्हती, ते मी त्यांना शिकवलं होतं आणि ते त्यांना पक्कं जमत होतं. भानगड होती पडद्याच्या वरच्या पट्टीची. त्या पट्टीवर सॉफ्टवेअरच्या सूचना यायच्या, इंग्रजीत, तांबड्या अक्षरांत. बाबांना एकेक सूचना म्हणजे तातडीची तार वाटायची. कुठलीही सूचना आली की ते लगेच मला फोन लावायचे. "काहीतरी इंग्रजीत आलं हाय, वाचून दाखवू का?" आणि एकेक अक्षर वाचायला लागायचे. मी कुठल्यातरी मीटिंगमध्ये असायचे. त्यात एकदा आपोआप झालेल्या एका बदलाने त्यांच्या संकेतस्थळावरच्या मराठी अक्षरांचे चौकोन झाले. वस्तीतल्या सगळ्यांच्या नावाचे चौकोन. बाबांचा जीव कासावीस झाला. मी किन्हीराजाला गेले, अक्षरं नीट केली आणि निघताना दोन गोष्टी केल्या. आपोआप बदल होणं बंद केलं. आणि ती तांबडी पट्टी लपवून टाकली. म्हटलं, अपग्रेड आलं की मी स्वतः येऊन करीन, माणूस घरचंच आहे.

दुसऱ्याला मी हे कधी करू दिलं नसतं. आमच्या सूचनापत्रात पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे की पट्टी बंद करू नका. ती ओळ माझी आहे.

लिहिण्यावरून आणखी एक सांगायला हवं. आधीच्या एका अपग्रेडच्या वेळी दूरच्या देशातली, समुद्रकाठच्या लहानशा गावातली एक बाई मागे राहून गेली होती. ती पाव भाजून विकायची. दुकानाचं नाव तिच्या आईचं होतं. ती आजारपणात महिनाभर दवाखान्यात होती आणि तेवढ्यात नियम बदलले, जुन्या नियमाने केलेलं तिचं नूतनीकरण वाया गेलं आणि नाव हातचं गेलं. तिने लांबलचक पत्र लिहून विनवण्या केल्या. उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'नियम सगळ्यांना सारखे आहेत. सूचना वेळेत देण्यात आली होती. एका नावासाठी वहीची पानं मागे उलटली तर कुणाच्याच नावाला अर्थ राहणार नाही.' माझं फार कौतुक झालं. तो परिच्छेद जसाच्या तसा आमच्या नियमावलीत घातला गेला.

मग ते मोठं अपग्रेड आलं. यात सहीची पद्धतच बदलत होती. जुन्या पद्धतीची सही नव्या वहीत चालणार नाही, म्हणजे मागे राहणाऱ्याला क्षमा नाही. मी यादी केली. कुणाचं मशीन, कोणतं सॉफ्टवेअर, कधी कळवलं, काय उत्तर आलं. यादीच्या अगदी तळाशी किन्हीराजाचं मशीन होतं. त्याच्यापुढे मी 'घरचं' एवढंच लिहिलं.

आमच्याकडे लग्नात घरचे शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणे आधी, भावकी मग, घरचे उरलंसुरलं खाऊन उठतात, आणि भाजी संपली असली तर वरणावर भागवतात. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. उलट घरचा माणूस पहिल्या पंगतीला दिसला तर लोक तोंड वाकडं करतात. बाबांचंही तसंच होतं. वस्तीतली सगळी पत्रं वाटून झाल्यावर ते थैलीच्या तळातून आमच्या घरचं पत्र काढायचे. कधी अंधार पडला म्हणून आमचं पत्र दुसऱ्या दिवशी मिळायचं. आत्याच्या आजारपणाचं पत्र असं एकदा घरातल्या घरात एक दिवस उशिरा पोचलं होतं. त्यावरून आई खूप बोलली होती. बाबा म्हणाले होते, लोकायचं आधी. मी हे पाहतच मोठी झाले आणि मला ते फार थोर वाटायचं.

मी रविवारी जाणार होते. हिशेबाने नवे नियम लागू होण्याचं ते पान सोमवारी यायचं होतं. पण त्या आठवड्यात पानं भराभर जोडली गेली आणि शनिवारीच ते पान येऊन ठेपलं. हे होऊ शकतं हे मला माहीत होतं, इतरांना मी ते बजावूनही सांगितलं होतं. त्याच वेळी बरीच मशीनं चालवणाऱ्या एका मोठ्या चालकाचं काम अर्ध्यात अडकलं आणि मी चार दिवस त्याच्या पाठीशी बसले. रविवारी गेले नाही. मंगळवारी म्हटलं आता बुधवारी. किन्हीराजाला जायचं म्हणजे मालेगावला गाडी बदलायची, अख्खा दिवस जातो.

मधल्या त्या सोमवारी दहा वाजून गेल्यावर बाबांचा फोन आला होता.

"पोरी, आकडा हळू चालून राह्यला."

"कोणता आकडा?"

"पानाचा. रोज दीडशाच्या आसपास वाढते. आज काल परवा मिळून तीसही नाई वाढला."

माझ्या दुसऱ्या कानात तो मोठा चालक ओरडत होता. मी म्हटलं, "नेट स्लो असेल बाबा. ठेवते आता, कामात आहे."

"बरं, ठेव ठेव," ते घाईने म्हणाले. कामाच्या माणसाला अडवायचं नाही, हा त्यांचा नेम.

या धंद्यात कुणाही नवख्याला विचारा. पानं एकदम मंदावली याचा अर्थ पहिल्यांदा एकच घ्यायचा असतो, की तुम्ही मागे राहिलात, लिहिणारे पुढे निघून गेले आणि तुमच्या वहीवर आता दोनचारच हात उरलेत. हे मी तीन वेगवेगळ्या सूचनापत्रांत लिहिलं आहे. ती पत्रं न वाचता, इंग्रजी न समजता, नुसत्या सवयीने ज्या एका माणसाने ते लक्षण ओळखलं त्याला मी नेट स्लो म्हणून सांगितलं.

आठवडा संपला. अपग्रेड यशस्वी झाल्याचं मी जाहीर केलं. माहीत असलेली सगळी मशीनं नव्या वहीवर आली, असं वाक्य त्यात होतं. 'घरचं' मी मोजलंच नव्हतं, त्यामुळे वाक्य मला खोटंही वाटलं नाही. लोकांनी अभिनंदन केलं. मी खाली जाऊन बालूशाही आणली आणि खालच्या चाचांनाही दिली. चाचा म्हणजे माझे घरमालक, शिलाई मशीन दुरुस्त करतात. दोन दिवसांनी जाऊ, चार दिवसांनी जाऊ, असं करत किन्हीराजाला जायचं राहूनच गेलं. पुढच्याच आठवड्यात बाबांनी मुदतीच्या बरंच आधी वस्तीच्या नावाचं नूतनीकरण केलं. मला फोन केला नाही, कारण मी कामात होते. त्यांच्या पडद्यावर हिरवी खूण आली.

त्या वहीवर, जी कुणी वाचत नव्हतं.

मला कळलं ते मुदत उलटून गेल्यावर, सुरतेहून. वस्तीतला एक काका, तिथे कापडाच्या मिलमध्ये आहे, त्याचा फोन आला. "काहून वं, आपल्या वस्तीच्या नावावर पत्त्याचा जुगार लावला का कोनी? मी उघडलं त राणी-गुलाम नाचून राह्यले."

मी नवी वही उघडली. मुदत संपलेली, नाव मोकळं झालेलं, आणि मोकळं झाल्याबरोबर कुणाच्यातरी प्रोग्रामने ते उचललेलं. अशी सुटी नावं उचलण्यासाठीच हे प्रोग्राम बसवलेले असतात. घेणाऱ्याला नाव नाही, गाव नाही, नुसती एक लांबलचक चावी. पत्र पाठवायचं तरी कुणाला?

मी त्या दिवशी किन्हीराजाला गेले. बाबा घरी नव्हते, विहारात गेले होते. आई अंगणात धान्य निवडत बसली होती, तिला काही बोलले नाही. सरळ कॉम्प्युटरपाशी गेले आणि शेजारची लांब वही उघडली. त्या सोमवारची ओळ सापडली. तारीख, नंबर, आणि शेऱ्याच्या रकान्यात बाबांच्या टपोऱ्या अक्षरात: 'आकडा मंद. मुलीस कळविले.'

त्याच्या दुसऱ्या दिवशी: 'आकडा मंद. मुलीस काल कळविले आहे.' तिसऱ्या दिवशीही तेच. नोकरीत असताना एखादा खांब पडलेला दिसला किंवा पेटीचं कुलूप तुटलं तर ते असंच लिहायचे, म्हणजे वरच्या साहेबाला माहिती गेली, आता जबाबदारी त्याची. मी त्या वहीपाशी बसून रडले. दुसरं काय करणार होते?

मग वाशीमला परतून मी ऑनलाइन बैठकीत लढायला बसले. आमच्यात निर्णय घेणारे सात जण आहेत, त्यातली एक मी. मी मांडलं की पुढच्या अपग्रेडमध्ये एक लहानशी दुरुस्ती घालून हे एक नाव जुन्या मालकाला परत द्यावं. त्याने नूतनीकरण वेळेत केलं होतं. त्याला सूचना मिळालीच नव्हती. यातला शब्द न् शब्द खरा होता.

एकाने विचारलं, सूचना का नाही मिळाली? मी म्हटलं, पट्टी बंद होती. कुणी बंद केली? मी सांगितलं. प्रकरण माझ्या घरचं असल्याने मी मत देऊ नये, असं ठरलं, तेही बरोबरच होतं. एकाने पडद्यावर फक्त माझा परिच्छेद चिकटवला. स्वतःचा एकही शब्द न घालता. नियम सगळ्यांना सारखे आहेत. सूचना वेळेत देण्यात आली होती. मग मी ओरडले, बरंच काही बोलले, आणि त्यातलं एकही वाक्य मी इतकी वर्षं लोकांना ज्याबद्दल दटावत आले त्यापेक्षा वेगळं नव्हतं.

माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचला असावा. चाचा जिना चढून आले, हातात तेलाची झारी तशीच.

"बेटी, कोनाशी भांडून राह्यली एवढी?"

मी त्यांना थोडक्यात सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "त मालकाले भेट ना त्याच्या. मी येतो पाहिजे त."

"मालक नाही चाचा त्याला. कुणीच मालक नाही."

"मंग भांडतं कोनाशी?" त्यांनी झारी दुसऱ्या हातात घेतली. खालून गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून ते उतरून गेले.

सहाही मतं विरोधात पडली. मी त्यांच्या जागी असते तर माझंही तिकडेच पडलं असतं, आणि याचाच मला जास्त राग आहे.

बाबांना सांगायला पुन्हा किन्हीराजाला गेले. ते खुर्चीत होते, वरची गुंडी लावलेली. मी सगळं सांगितलं, पट्टीपासून, माझ्या पंगतीच्या हिशेबापासून. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. वहीकडे बोटही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "त्याहीनं तुले काय उत्तर देलं?"

मी तो परिच्छेद मराठीत करून वाचून दाखवला. आणि तो मूळ कुणी, कुणाला लिहिला होता तेही सांगितलं.

"पाववाल्या बाईनं मंग काय लिहिलं?"

"काही नाही. तिचं पुन्हा पत्र आलं नाही."

"येईन कसं?" बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "लिही तिले. आता लिही."

मी तिथेच फोनवर चार ओळी लिहिल्या, माफी मागितली आणि पाठवल्या. मिनिटभरात त्या परत आल्या. असा पत्ता अस्तित्वात नाही. तिचं टपाल त्याच नावावर येत होतं, आणि नाव गेलं तेव्हा तेही गेलं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. अर्धवट पत्ता असलेलं पत्रसुद्धा त्यांनी कधी परत जाऊ दिलं नव्हतं, नावावरून, गावावरून, अक्षरावरून माणूस शोधून काढायचे.

मी म्हटलं, नवं नाव घेऊ. तेच, फक्त पुढे एक आकडा.

"नंबर कैद्याले असते, पोरी." मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "या जुन्या वहीत अजून आपलंच नाव हाय ना?"

"आहे. पण ती कोणी वाचत नाही बाबा."

"मी वाचतो ना."

मी मशीन बंद करायला गेले होते. तशीच परत आले.

त्याला आता बरेच महिने झाले. जुन्या वहीवरची बाकीची मशीनं एकेक करून बंद पडली. साथीला दुसरी नक्कल नसली तर एकट्या मशीनला लिहिता येत नाही, त्यामुळे तिला नवं पान जोडलं जात नाही. बाबा रोज दहा वाजता तोच नंबर लिहितात, पुढे 'ठीक'. वहीची पानंच्या पानं एकाच आकड्याने भरली आहेत.

आणि माझ्या यादीत एक मशीन अजून जुन्या सॉफ्टवेअरवर दिसतं. दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, हे कुणाचं आहे, त्याला कळवलं का? 'घरचं' हा शब्द मी तिथून खोडला आहे. त्याजागी दर वेळी लिहिते, मालकाशी संपर्क होत नाही.